ट्रकचा धूर वाचताना: रंगाआधी वेळ बघा

निळा धूर म्हणजे टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) गेला, पांढरा म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी), काळा म्हणजे डिझेलचा पंप. हा हिशेब इतका तोंडपाठ झालाय की गाडी पाच मिनिटं नीट बघायच्या आधीच पाने बाहेर निघतात. मग टर्बो बदलूनही निळा धूर येतच राहतो, पंप टेस्टवर ठीक निघतो, आणि हेड उतरवल्यावर गॅस्केट चांगलीच असते.

रंगावरून कळतं ते एवढंच: काय जळतंय किंवा काय जळायचं राहिलंय. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. निळा म्हणजे इंजिन ऑइल. पांढरा म्हणजे न जळलेल्या डिझेलचं धुकं किंवा पाण्याची वाफ. पण ते ऑइल पिस्टनच्या रिंगांतून आलं की टर्बोतून, डिझेल एकाच सिलिंडरमध्ये राहिलं की सगळ्यांत, हे धूर कधी येतो त्यावरून कळतं. थंड इंजिनवर, स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता), रेस दिल्यावर, चढाला लोडवर की उतार संपल्यावर? म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिले पाच टप्पे होईपर्यंत एकही मोठा भाग खोलायचा नाही.

टप्पा १: आदल्या दिवशी चालकाला विचारा

गाडी बघायला घ्यायच्या आधी चालकाशी दहा मिनिटं बोला. "धूर येतो का?" या प्रश्नाचा उपयोग नाही, त्याचं उत्तर "हो" असंच येतं. हे विचारा:

– धूर अचानक सुरू झाला की हळूहळू वाढत गेला?
– सकाळी चालू करताना येतो, का गरम झाल्यावरही?
– रिकाम्या गाडीला येतो का, की भरलेल्या गाडीलाच?
– ऑइल किती टाकावं लागतं? पाणी किती?
– गाडी ओढते का? डिझेल जास्त खाते का?
– धूर सुरू होण्याआधी शेवटचं काम कोणतं झालं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून बसवल्यानंतर, पंप उतरवून चढवल्यानंतर, ऑइल किंवा एअर फिल्टर बदलल्यानंतर लगेच धूर सुरू झाला असेल, तर शंभरातल्या बहुतेक वेळा दोष त्याच कामात असतो. चालकाला ते काम "त्याचा काय संबंध" असं वाटतं, म्हणून तो आपणहून सांगत नाही.

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी तुम्ही पोहोचायच्या आधी कुणी ती चालू करून ठेवली असेल, तर थंड इंजिनची सगळी माहिती गेली. तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकला.

टप्पा २: चालू न करता तपासणी

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, चाकांना ठोकळे देऊन उभी करा. बंद शेडमध्ये ही तपासणी करायची नाही. धुराच्या विषारीपणाचा प्रश्न आहेच, शिवाय धुरकट हवेत रंगही कळत नाही.

आधी ऑइलची डिपस्टिक काढा. पातळी कमी असेल तर गाडी ऑइल खाते किंवा गळते. पातळी खुणेच्या वर असेल तर खुश होऊ नका. एकतर कुणी जास्त ऑइल ओतलंय, किंवा त्यात डिझेल वा पाणी उतरतंय. ऑइल बोटावर घेऊन चोळा आणि वास घ्या. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ लागतं, वास लपत नाही. पाणी उतरलं असेल तर ऑइल दुधाळ दिसतं, पण रात्रभर उभ्या गाडीत पाणी तळाशी बसतं आणि डिपस्टिकवर कळतही नाही. शंका असेल तर ड्रेन प्लग अगदी हलका सैल करा. ऑइलच्या आधी पाण्याचे थेंब आले तर उत्तर मिळालं.

मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी). पातळी बघा, वर ऑइलचा तवंग आहे का बघा. रेडिएटरचं झाकण फक्त थंड इंजिनवर उघडायचं.

डिझेल फिल्टरच्या खाली पाणी वेगळं करणारं भांडं असतं. त्यातलं थोडं डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो.

शेवटी सायलेन्सरच्या तोंडातून पांढरं फडकं फिरवा. कोरडी काजळी म्हणजे जास्त डिझेल किंवा कमी हवा. चिकट, काळपट, तेलकट थर म्हणजे ऑइल. ओलसर आणि डिझेलचा वास म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय.

सावधान: गाडी पाणी खाते आणि सकाळी पांढरा धूर येतो अशी तक्रार असेल, तर स्टार्टर मारायच्या आधी थांबा. रात्रीतून सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी डिझेल बंद ठेवून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, नोझल काढून मगच पुढे फिरवा.

टप्पा ३: चालू केल्यावरची पहिली पाच मिनिटं

एक माणूस केबिनमध्ये आणि एक मागे असं करा. केबिनमधून मान वळवून धूर बघणं म्हणजे अंदाज करणं. मागच्या माणसाने सूर्य पाठीशी ठेवून, धुरामागे काहीतरी गडद राहील असं उभं राहायचं. आभाळाकडे बघितलं तर फिका निळा धूर पांढरा वाटतो. यातून किती टर्बो आणि किती हेड उगाच उतरली असतील, मोजदाद नाही.

चालू करा, रेस देऊ नका. आता घड्याळ बघा.

थंड इंजिनवर थोडा पांढरा धूर येणं साहजिक आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटतं, आणि थंड धातू ती उष्णता ओढून घेतो. शिवाय १ लिटर डिझेल जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं. थंड हवेत त्याची वाफ दिसतेच. इंजिन गरम होत गेलं तसा धूर विरळ होऊन गेला तर ते सोडून द्या.

डिझेलचा पांढरा धूर आणि पाण्याची वाफ वेगळी ओळखायला तीन खुणा आहेत. डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि वास उग्र येतो. वाफेचा वास नसतो, कूलंट असेल तर किंचित गोडसर येतो. डिझेलचा धूर हवेत रेंगाळतो, वाफ काही फुटांवर विरते. आणि पाईप गरम झाल्यावर वाफ तोंडापासून थोडं अंतर सोडून दिसायला लागते, तर धूर थेट तोंडातूनच दिसतो. तिसरी खूण फार थोडे लोक बघतात.

तरीही रंग कळत नसेल तर काठीच्या टोकाला पांढरा कागद लावून तोंडासमोर अर्धा मिनिट धरा. पाणी वाळून जातं, डिझेलचा पिवळट ओला डाग वास मारतो, ऑइलचे तपकिरी तेलकट ठिपके राहतात.

चालू केल्याबरोबर निळ्या धुराचा एक भपका आला आणि मिनिटभरात गेला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्री झिरपलेलं ऑइल असण्याची शक्यता जास्त. निळा धूर थांबलाच नाही तर पुढच्या टप्प्यांत बघू.

टप्पा ४: गरम इंजिन, आधी स्लो, मग रेस

तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊ द्या. दहा मिनिटं स्लोवर ठेवा आणि फक्त ऐका. मिसिंग आहे का, म्हणजे मध्येच ठोका चुकतोय का? एका तालात येणारा पांढरा पफ एखादा सिलिंडर नीट पेटत नसल्याची खूण आहे.

मग अॅक्सिलरेटर एका दमात दाबून लगेच सोडा. तीनदा करा, मध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. पहिल्या वेळी जास्त धूर येतो, सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी उडते. ती मोजायची नाही. यांत्रिक पंपाच्या टर्बो गाडीत रेस देताना काळा पफ येणं ठीकच आहे, कारण डिझेल लगेच पोहोचतं आणि टर्बोला फिरायला वेळ लागतो. आर.पी.एम. वर स्थिरावल्यावरही काळा धूर राहिला तर मात्र दोष आहे.

सावधान: रेस दिल्यावर निळा-पांढरा धूर अचानक खूप वाढला आणि अॅक्सिलरेटर सोडूनही इंजिन उतरत नसेल, तर इंजिन स्वतःचंच ऑइल पेटवून पळतंय. चावी बंद करून ते थांबत नाही. हवेचा मार्ग जाड लाकडी फळीने बंद करा, हाताने किंवा फडक्याने कधीही नाही. ब्रेक दाबून वरच्या गियरमध्ये क्लच सोडून इंजिन दाबूनही बंद पाडता येतं. ऑइल पातळी खुणेच्या वर असलेल्या गाडीला रेस देऊच नका, म्हणून डिपस्टिक आधी बघायची.

टप्पा ५: लोडवर

उभ्या गाडीत रेस देऊन इंजिनवर लोड येत नाही, म्हणून निम्मे दोष उभ्या गाडीत दिसतच नाहीत. गाडी भरलेली असेल तर उत्तम. लांब चढ निवडा, एक गियर ठरवा आणि तो शेवटपर्यंत बदलू नका. मागे दुसरी गाडी ठेवून त्यातून धूर बघा.

तीन वेळा नोंद करा: चढाला पूर्ण दाबल्यावर, सपाटीवर एका वेगाने जाताना, आणि लांब उतार गियरमध्ये उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दिल्यावर.

चुकीच्या वरच्या गियरमध्ये गाडी रेटली तर चांगलं इंजिनही काळं ओकतं. तसंच उंच घाटमाथ्यावर हवा विरळ असते. तिथला धूर बघून पंपाला हात लावायचा नाही.

एवढं झाल्यावर तुमच्या कागदावर रंग, वेळ आणि लोड असं तिन्ही असेल. आता आपापल्या रंगाचा टप्पा वाचा.

टप्पा ६: पांढरा धूर, डिझेलचा

इथे पहिला प्रश्न एकच: एक सिलिंडर की सगळे?

मिसिंग असेल, इंजिन थरथरत असेल तर एक किंवा दोन सिलिंडर. थंड इंजिन चालू करून एक-दोन मिनिटांत तापमान मापणारी गन एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक शाखेवर धरा. जी शाखा बाकीच्यांपेक्षा थंड राहते तो दोषी सिलिंडर. यांत्रिक पंपाच्या गाडीत स्लोवर एकेका नोझलच्या पाईपचा नट फडकं धरून किंचित सैल करता येतो. ज्याचा सैल केल्यावर आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता.

सावधान: कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाईपमधून डिझेल मिळतं) चालू इंजिनवर कोणताही प्रेशर पाईप सैल करायचा नाही. तिथला दाब लोडवर १६०० ते २००० बार किंवा त्याहून वर जातो. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते, जखम सुई टोचल्याएवढी दिसते आणि तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते. अशा गाडीत सिलिंडर बंद करून बघायचं काम स्कॅनरने करा.

दोषी सिलिंडर सापडला की आधी नोझल, मग टॅपेटचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं) अंतर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते). क्रम उलटा करू नका, नोझल तासाभरात निघतो.

नोझल टेस्टवर लावल्यावर धुकं एकसारखं आणि बारीक हवं, टोकाला थेंब लोंबता कामा नये. जुन्या यांत्रिक नोझलचा उघडण्याचा दाब साधारण १८० ते २५० बारच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. फवाऱ्यासमोर हात नको.

नोझल काढल्यावर भोकात बॅटरी मारून तळाशी बघायची सवय लावा. जुना तांब्याचा वॉशर बऱ्याचदा तिथेच चिकटून राहतो, काजळीत काळा झालेला असतो म्हणून दिसत नाही, आणि त्याच्यावर नवा बसवला जातो. मग नोझलचं टोक एका वॉशरच्या जाडीइतकं वर राहतं, फवारा पिस्टनच्या खोलगटात पडायच्या ऐवजी भलतीकडे आपटतो. नवे नोझल, तपासलेले नोझल, तरी धूर. मी स्वतः अशा एका गाडीचा पंप दोनदा उतरवलाय. तिसऱ्या वेळी स्क्रूड्रायव्हरने भोकाचा तळ खरवडला तेव्हा काळी रिंग सुटून वर आली. तिच्या खालची बाजू अजून तांबूस होती.

सगळ्याच सिलिंडरमधून धूर असेल तर नोझलच्या मागे लागू नका. क्रमाने बघा: डिझेलमध्ये पाणी, टाकीपासून पंपापर्यंत कुठे एअर घेते का, थंडीत हवा तापवणारा हीटर किंवा ग्लो प्लग चालतो का, आणि शेवटी टायमिंग. परतीच्या पाईपमध्ये हातभर पारदर्शक नळी जोडा, बुडबुडे आपोआप दिसतील. पंप नुकताच चढवला असेल तर टायमिंग यादीत सगळ्यात वर घ्या. टायमिंग मागे पडलं की डिझेल उशिरा पडतं, पिस्टन खाली निघालेला असतो, जळायला वेळच उरत नाही.

टप्पा ७: पांढरा धूर, पाण्याचा

गाडी पाणी खाते, बाहेर गळती नाही आणि गरम इंजिनवरही वाफ थांबत नाही, तर पाणी आत जातंय. जायच्या वाटा मुख्यतः चार: हेड गॅस्केट, तडकलेलं हेड, भोक पडलेला लायनर (सिलिंडरची आतली नळी), आणि असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने थंड करणारा भाग). ईजीआर कूलर फुटला तर इंजिन तापत नाही, मिसिंगही नसतं, फक्त पाणी कमी होत राहतं. हेड उतरवायच्या आधी तो बाजूला काढून, दोन्ही तोंडं बंद करून हवेच्या दाबाने तपासा.

मग थंड इंजिनवर कूलिंग सिस्टीमला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्या आणि काही तास, जमलं तर रात्रभर ठेवा. दाब उतरला आणि बाहेर थेंब नाही तर सकाळी नोझल काढून इंजिन हाताने फिरवा. ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर.

रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की लोक लगेच "गॅस्केट उडाली" म्हणतात. ट्रकच्या बाबतीत इथे एक सापळा आहे. एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरचं हेडही बऱ्याच गाड्यांत इंजिनच्याच पाण्याने थंड होतं. त्याची गॅस्केट गेली तर ब्रेकची हवा रेडिएटरमध्ये येते.

खात्री: ब्रेकच्या टाक्या रिकाम्या करा, इंजिन चालू करून बुडबुडे बघा. कॉम्प्रेसर हवा भरत असताना बुडबुडे येतात आणि टाकी भरून कॉम्प्रेसर सुटल्यावर थांबतात, तर इंजिनच्या हेडला हात लावू नका.

टप्पा ८: निळा धूर

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. ऑइल जळतंय हे नक्की, पण येतंय कुठून? स्वस्तातून महागाकडे जा.

पहिलं, पातळी. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. जास्त असेल तर खुणेपर्यंत काढा आणि दोन-तीन दिवस चालवून बघा. जुन्या गाडीत ऑइलवर चालणारा एअर क्लीनर असेल तर त्याच्या भांड्यात खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलं नाही ना तेही बघा. ते थेट इंजिनात ओढलं जातं.

दुसरं, ब्रीदर. चेंबरमधली (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातली) हवा बाहेर पडायचा हा रस्ता चोंदला की आत दाब साठतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं. पाईप काढून फुंकून बघा. इंजिन बंद असताना दोन मिनिटांचं काम.

तिसरं, एअर फिल्टर. चोंदलेल्या फिल्टरमुळे टर्बोच्या हवेच्या बाजूला ओढ तयार होते आणि ती सीलमागचं ऑइल खेचते.

चौथं, टर्बोतून ऑइल परत जाणारा पाईप. टर्बोत ऑइल दाबाने जातं, पण परत येताना फक्त उतारावर वाहून येतं. पाईपला बाक पडला, आत कार्बन जमला तर ऑइल टर्बोतच तुंबतं आणि चांगल्या सीलमधूनही दोन्हीकडे बाहेर पडतं. एका गाडीला एकापाठोपाठ दोन टर्बो बसले होते, तिसरा मागवायची तयारी झाली होती. परतीचा पाईप काढून त्यात बोट घातलं तर मऊ रबरी जिभेसारखं काहीतरी लागलं. फ्लँजला गॅस्केटऐवजी लावलेलं सिलिकॉन आत पिळून निघालं होतं आणि अर्ध्याहून जास्त भोक बंद झालं होतं. परतीच्या पाईपला कागदी किंवा पत्र्याची गॅस्केटच लावा. सिलिकॉनची ट्यूब त्या जागेपासून लांब ठेवा.

एवढं ठीक असेल तरच टर्बो. टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा हौज काढा. आत हलका तेलकट ओलावा असतोच, त्यावरून टर्बो काढू नका. ऑइल साचून वाहत असेल तर दोष आहे. इंजिन बंद आणि थंड असताना शाफ्ट हलवून बघा. वर-खाली थोडी हालचाल असायलाच हवी, कारण शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे मात्र हाताला जेमतेम जाणवेल एवढीच हवी. पाती टर्बोच्या कवचावर घासल्याच्या खुणा दिसल्या तर प्रश्नच संपला. टर्बाइनच्या बाजूचं सील गेलं असेल तर हौज कोरडा राहतो आणि एक्झॉस्टच्या बाजूला ऑइलचा ओलावा दिसतो, म्हणून दोन्ही बाजू बघा.

पाचवं, रिंगा आणि लायनर. गरम इंजिन स्लोवर असताना ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं तोंडावर ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल, ब्रीदरमधून गाडीच्या तालात धूर येत असेल तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय. पण लक्षात घ्या, टर्बोचं सील गेलं किंवा एअर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या तरी चेंबरमध्ये दाब वाढतो. कॉम्प्रेसरचा संशय असेल तर ब्रेकच्या हवेच्या टाकीखालचा कॉक उघडा, पाण्याबरोबर ऑइल भरपूर आलं तर गाडी "ऑइल खाते" ती तिथूनही.

पेट्रोल इंजिनातून आलेली एक सवय इथे दगा देते. कॉम्प्रेशन कमी आलं की सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं आणि आकडा वाढला तर रिंगा गेल्या म्हणायचं. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर जागाच इतकी थोडी उरते की त्या ऑइलनेच आकडा वाढतो, रिंगा चांगल्या असल्या तरी. त्याऐवजी पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, नोझलच्या भोकातून हवा द्या आणि ऐका. ऑइलच्या झाकणातून फुसफुस म्हणजे रिंगा, एअर फिल्टरकडून म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट किंवा हेड.

सावधान: हवा दिल्यावर इंजिन आपोआप फिरू शकतं. फ्लायव्हील अडवून ठेवा आणि फॅनजवळ हात नको.

उतारानंतर अॅक्सिलरेटर दिल्यावर येणारा निळा भपका व्हॉल्व्ह गाईडचाच (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिचाच), असं ठाम सांगितलं जातं. हीही पेट्रोलचीच शिकवण. उतारावर टर्बोचा दाब नसतो तेव्हा त्याच्या सीलमधूनही ऑइल येतं. हौज काढून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. नव्याने बांधलेल्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत थोडा निळा धूर चालतो, आणि तासन्‌तास स्लोवर उभ्या राहणाऱ्या गाडीलाही एकदा चांगल्या लोडवर चालवल्यावरच मत बनवा.

टप्पा ९: काळा धूर

डिझेल जास्त की हवा कमी? बहुतेक वेळा हवा कमी असते आणि शिक्षा पंपाला होते.

एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल झालाय का बघा. कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने जोरात मारून पुन्हा वापरला असेल तर कागद फाटलेला असतो. मग धूर कमी दिसतो, पण धूळ लायनर खाते. फिल्टर काढून गाडी रस्त्यावर चालवून बघायचा उद्योग करू नका.

पुढे टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे सगळे हौज आणि क्लिपा. फाटलेला हौज लोडवरच उघडतो, उभ्या गाडीत मिटलेला असतो. चढाला शिट्टी किंवा फुसफुस येते, सांध्यावर तेलकट धुळीचा पट्टा दिसतो. हौज हाताने वाकवून खालची बाजूही बघा, भेग नेहमी तिथेच लपते.

मग एक्झॉस्ट ब्रेक (धुराचा मार्ग अडवून गाडी हळू करणारा). त्याची पाकळी अर्धवट बंद अडकली तर धूर बाहेर पडत नाही, गाडी ओढत नाही, काळं ओकते आणि तापते. लक्षणं हुबेहूब पंप गेल्याची. हाताने लिव्हर हलवून पाकळी पूर्ण उघडते का बघा. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी असंच होतं.

नंतर नोझल, आणि सगळ्यात शेवटी पंप. पंपाच्या सेटिंगवरचं सील (छेडछाड कळावी म्हणून लावलेलं) तुटलेलं असेल तर कुणीतरी डिझेल वाढवलंय हे समजून घ्या. "पंप कमी करून धूर घालवतो" हा उपाय हवेची गळती तशीच ठेवतो आणि ताकदही घेऊन जातो. उलट जास्त डिझेल तसंच चालू ठेवलं तर एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि पिस्टनचं डोकं वितळतं.

डीपीएफ असलेल्या गाड्यांबद्दल

काजळी गाळणारा फिल्टर असलेल्या गाडीत वरचे बरेच दोष धुरात दिसतच नाहीत. धूर नाही म्हणजे इंजिन ठीक, असं समजू नका. तिथे फिल्टर किती वेळा स्वतःला जाळून साफ करतो आणि ऑइल किती कमी होतं ते बघा. आणि अशा गाडीच्या पाईपचं तोंड आतून काळं झालं असेल तर फिल्टर तडकलाय किंवा कुणीतरी आतून काढून टाकलाय.

टप्पा १०: दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून धूर गेला तर कशाने गेला ते कळत नाही. काम झाल्यावर सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल आणि काजळी साचलेली असते, ती जळून जायला लोडवर बरंच अंतर लागतं. पहिल्या तासातला धूर बघून "काम फसलं" म्हणू नका. ऑइलची पातळी खुणेवर आणा, किलोमीटर लिहून ठेवा, १००० किलोमीटरला किती टाकावं लागलं ते मोजा. मग गाडी पुन्हा एकदा रात्रभर उभी करा आणि टप्पा ३ पासून त्याच जागी, त्याच चढावर, त्याच गियरमध्ये बघा.